निळी झाक

डिसेंबरात कारास्योकला दिवस उगवत नाही,
काळोख तेवढा फिकट होतो.
अकरा ते एक, एवढाच काय तो उजेड,
आणि त्या उजेडात बर्फ
नीळ जास्त झालेल्या चादरीसारखा.

तसेच आले माझे फोटो. दोनशे बारा.
बर्फ निळा, बर्चच्या साली निळ्या,
रेनडिअरच्या गळ्याखाली लोंबणारे पांढरे केस,
तेही निळे.
ट्रोम्सोहून हिल्डुरबाईंचा निरोप:
झाक काढून पाठव,
छापल्यावर जनावरं थिजून मेल्यासारखी दिसतील.

काढते. येतं मला ते काम.
पडद्यावरची पिपेट उचलायची,
जे पांढरं असायला हवं त्यावर टेकवायची
आणि सांगायचं: हे पांढरं.
यंत्र बिचारं वाद घालत नाही.
एक टिचकी, आणि बर्फ शुभ्र,
पण शिंगांवर कुणी गुलाबी मेण फासल्यासारखं,
पोटाखालच्या सावलीला
जांभूळ खाल्लेल्या जिभेचा रंग.
मग दुसरी टिचकी, राखाडीवर.
त्यासाठी मी दरवेळी आधी
आईच्या हातमोज्याचा फोटो काढते,
बर्फावर ठेवून. अंगठा उसवलाय.
दुकानात असल्या राखाडीचं कार्ड मिळतं,
चारशे क्रोनरला.

झालं. सगळं कसं स्वच्छ.
घासूनपुसून फडताळात मांडलेल्या भांड्यांसारखा कळप.

योव्नामामा आला बूट आपटत,
कॉफीत चीजचे तुकडे सोडून
माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.
ऑक्टोबरात त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
डावा अजून रांगेत आहे.
त्याने उजवा झाकला, पाहिलं.
डावा झाकला, पाहिलं.
"एका डोळ्याने बघावं तर याच्यावर चहा सांडलाय,
दुसऱ्याने बघावं तर दूध.
तुझं खरं कुठलं?"

मी म्हटलं, झाक काढतेय.
"महिना?"
डिसेंबर.
"मग हा डोळा जूनचा कसा?"

ओल्या बोटाने पडद्यावर ठिपका उमटवला त्याने.
सत्त्याण्णव नंबर. कपाळावरच्या विजेरीच्या झोतात
वळून बघणारी मादी,
डोळे लखलखीत सोनेरी.

माहीत होतं मला.
आठ वर्षांची असताना त्यानेच दाखवलेलं,
कुंपणात पाय अडकलेल्या पाडसापाशी गुडघे टेकून:
उन्हाळ्यात यांचा डोळा आतून सोन्याचा,
काळोखाचे दिवस आले की निळा होतो.
असेल तेवढ्या उजेडात भागवायचं असतं त्यांना.
आणि मी एका टिचकीत
अख्ख्या कळपाला उन्हाळा लावून मोकळी.
झाक काढायला बसले
आणि डोळेझाक करून उठणार होते.

दोन पावलं मागे गेले. मग आणखी चार.
डोळे वेगळे काढून जपले.
केसांतली निळाई निम्मी ठेवली,
सावल्यांतली सगळी.
बर्फाचं काही ठरेना.
ज्याच्या डोक्यावर सूर्यच नव्हता,
त्याला पांढरं तरी कुणाच्या साक्षीने म्हणायचं?
मामाला विचारलं.
"मला बर्फ दिसत नाही," म्हणाला,
"त्याच्यावरचे माग दिसतात. त्यांना हात लावू नकोस."

रात्री पाठवले. सकाळी हिल्डुरबाई:
अजून थोडी झाक आहे.
मी लिहिलं: आहे.
त्यावर उत्तर आलेलं नाही.

मामाच्या डाव्या डोळ्याची तारीख मात्र आली,
नऊ मार्च, हॅमरफेस्ट, उपाशीपोटी.
पत्र घेऊन तो चुलीजवळ बसलाय,
उजवा डोळा तळहाताने झाकून
सगळं स्वयंपाकघर हळूहळू न्याहाळतोय,
किटली, खिडकी, भिंतीवरचा दोर, मला.
"याच्यातून ऊबदार दिसतं," म्हणतो.
"त्यांना सांग,
घाई नाही."